सढळ हात, राखता हात

इंदुरात एक प्रयोगशाळा होती आणि तिथे दोन माणसं कामाला होती. एकाला सगळे भाऊ म्हणत, दुसऱ्याला नाना. भाऊंचा हात सढळ, नानांचा राखता. बाकी दोघांत फारसा फरक नव्हता. एकाचं घर रामबागेत, दुसऱ्याचं सुदामानगरात. दोघांच्या घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि तावातावाने बोलायला लागले की दोन्हीची सरमिसळ. नोकरी दोघांचीही वीसेक वर्षांची. दोघंही प्रामाणिक. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टीत एक जण लबाड असला की गोष्ट सोपी होते, आणि ही तशी नाही.

काम होतं सोयाबीन तपासण्याचं. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन मुरलं त्याला आता काही दशकं झाली. खंडवा रोडवरचं राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ सालचं. पुढे त्याची भारतीय सोयाबीन संशोधन संस्था झाली. तेलवाल्यांना दाण्यात तेल किती ते हवं असतं, पेंडवाल्यांना प्रथिन किती ते. पण सोयाचं दूध आणि सोया पनीर करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. दाणा पाण्यात वाटला की त्याला एक हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास येतो आणि तो वास नको म्हणून लोक पेला बाजूला सारतात. या वासाच्या मुळाशी एक एन्झाइम आहे, लिपॉक्सिजिनेज. दाणा फुटला, पाणी आणि हवा मिळाली, की ते दाण्यातल्या स्निग्धाम्लांवर तुटून पडतं आणि त्यातून हेक्सानलसारखी वासाची द्रव्यं तयार होतात. दूध नंतर कितीही उकळा. एन्झाइम मरतं, वास राहतो.

सोयाबीनच्या दाण्यात या एन्झाइमची तीन भावंडं असतात: लॉक्स-१, लॉक्स-२ आणि लॉक्स-३. वासाच्या बाबतीत लॉक्स-२ सगळ्यांत द्वाड. म्हणून पैदासकारांनी ते नसलेले वाण काढले. इंदूरच्या संस्थेचा एनआरसी १३२ त्यातलाच. एनआरसी १४२ मध्ये तर लॉक्स-२ही नाही आणि पचनात आडवा येणारा कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटरही नाही. अशा दाण्याला दूधवाले चार पैसे जास्त देतात. मात्र दाणा नुसता पाहून काही कळत नाही. पिवळा तो पिवळाच. म्हणून तपासणी.

देवासकडच्या एका गावातले एक शेतकरी होते, जुन्या मराठा घराण्यातले. गावात त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांनी लॉक्स-२ नसलेला वाण पेरला, निगुतीने वाढवला आणि एका दूध कारखान्याशी सौदा केला. कारखान्याने ढिगातून नमुना घेतला आणि आपल्या नंबराने या प्रयोगशाळेत पाठवला. तो भाऊंच्या टेबलावर गेला. दादासाहेबांना धीर धरवेना. त्यांनी त्याच ढिगातून दोन मुठी दाणे पिशवीत घातले आणि स्वतः येऊन, स्वतःच्या नावाने, पैसे भरून तपासायला दिले. ते नानांच्या टेबलावर गेले.

आठवड्याने कारखान्याचा निरोप आला: तुमच्या मालात लॉक्स-२ आहे, माल नको. त्याच दिवशी दादासाहेबांच्या हातात त्यांचा स्वतःचा कागद पडला: लॉक्स-२ नाही.

ढीग एक, प्रयोगशाळा एक, शिक्का एक. दादासाहेब दोन्ही कागद घेऊन थेट इंदूरला आले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक बाई होत्या. साठीला आलेल्या, आधीची बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बसा दादासाहेब. चहा घेणार?"

"चहा घेतो. पण आधी एवढं सांगा, की यातलं खरं काय धरू? दाण्याला तोंड असतं तर त्यालाच विचारलं असतं."

बाईंनी भाऊंना आणि नानांना बोलावलं आणि आपापल्या जेल आणायला सांगितल्या.

हे काम कसं चालतं ते इथे थोडं पाहायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. दाणे दळून त्यातलं तेल काढतात, पीठ बफरमध्ये घुसळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचं नितळ पाणी घेतात. त्यात दाण्यातली विरघळणारी सगळी प्रथिनं आलेली असतात. मग त्यात एसडीएस आणि थोडी निळी शाई मिसळून ते उकळतात. एसडीएस प्रत्येक प्रथिनाला उलगडतं आणि त्याच्यावर ऋण भार चढवतं. दोन काचांच्या मध्ये ॲक्रिलामाइडची जेल ओतलेली असते, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची. तिच्या वरच्या कडेला कंगव्याने पाडलेल्या खाचा असतात. त्यांना वेल म्हणतात. पिपेटने एकेका वेलमध्ये नमुना सोडायचा आणि वीज सुरू करायची. प्रथिनं धन टोकाकडे पळू लागतात. लहान ती जेलच्या जाळीतून पटकन निसटतात, मोठी मागे रेंगाळतात. तास-दीड तासाने जेल काढून कुमासी ब्ल्यूमध्ये रंगवायची, जादा रंग धुऊन टाकायचा, की जिथे जिथे प्रथिन थांबलं तिथे निळी आडवी रेघ दिसते. तिलाच बँड म्हणायचं.

आता अडचण अशी, की लॉक्सची तिन्ही भावंडं वजनाने जवळपास सारखी. एक ९४ किलोडाल्टनचं, एक ९६.५ आणि एक ९७. सगळ्यांत वर लॉक्स-२, त्याला चिकटून लॉक्स-३, थोडं खाली लॉक्स-१. छोट्या जेलवर, घाईघाईत, ती वेगळी दिसतच नाहीत. लांब जेल घेऊन सावकाश चालवली तरच तीन रेघा सुटतात, आणि तेही वेलमध्ये माल बेताचा घातला असेल तरच.

भाऊंना बेताचं काही मान्य नव्हतं. "दिसलं पाहिजे भिया," हे त्यांचं ब्रीद. पीठ जास्त, पाणी कमी, आणि अर्क दाट. नितळ पाण्यात प्रथिन पुरेसं वाटलं नाही तर ते त्यातलं पाणी उडवून आणखी आटवायचे. त्यांच्या जेल दुरून ओळखू यायच्या: गडद निळ्या, भरदार. जवळून पाहिलं की मात्र रेघांच्या जागी पट्टे, पट्ट्यांच्या जागी डाग. प्रथिनाचा लोंढा जाळीत एकदम घुसला की तो एका ओळीत थांबू शकत नाही. पुढचं टोक पुढे घसरतं, मागचं मागे ओघळतं आणि शेजारच्या रेघेत मिसळतं. त्यात आटवण्याचा आणखी एक तोटा. पाणी उडतं, बफरमधलं मीठ उडत नाही. प्रथिन दुप्पट झालं तर मीठही दुप्पट. खारट नमुन्यातून वीज वेगळी वाहते, त्याची जेलमधली वाट, म्हणजे लेन, खाली पसरते आणि शेजारच्या दोन लेनना वाकडं करते. भाऊंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण गडद रंग दिसला की त्यांना काम झाल्यासारखं वाटे.

नानांचं उलट. रसायनांच्या किमती त्यांना तोंडपाठ होत्या आणि स्वच्छतेची हौस. पातळ अर्क, वेलमध्ये जेमतेम प्रथिन. त्यांच्या जेल इतक्या देखण्या, की भेट द्यायला पाहुणे आले तर बाईसुद्धा त्याच दाखवत. पारदर्शक पार्श्वभूमी, मोजक्या तलम रेघा, कुठे डाग नाही. ज्या रेघा दिसत नव्हत्या त्यांचं मात्र कुणाला काही वाटत नव्हतं, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची आठवण करून द्यायला ती स्वतः हजर नसते.

दोघांच्या जेल बाईंनी दिव्याच्या पेटीवर ठेवल्या. भाऊंच्या लेनमध्ये वरच्या अंगाला एक जाडजूड निळा ठोकळा होता. नानांच्या लेनमध्ये त्या जागी काहीच नव्हतं.

"इतका मोठा बँड आहे आणि तुम्ही नाही कसं म्हणता?" भाऊ नानांना म्हणाले.

"बँड कुठे आहे तो? चिखल आहे. माझ्या जेलवर बघा, कोरं आहे."

"तुमच्या जेलवर कायमच कोरं असतं!"

दादासाहेब चहा ढवळत दोघांकडे पाहत होते. बाई भांडणात पडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "दोघांनी आणखी एकेक जेल चालवा. दादासाहेबांचा माल नको. भाऊ, संस्थेकडून आणलेलं एनआरसी १३२ चं शुद्ध बियाणं फ्रिजमध्ये आहे, ज्यात लॉक्स-२ नाही हे पक्कं ठाऊक आहे. ते तुमच्या मापाने चालवा. नाना, तुम्ही जेएस ३३५ घ्या, ज्यात तिन्ही लॉक्स आहेत. ते तुमच्या मापाने. दादासाहेब, तुम्ही उद्या या."

दुसऱ्या दिवशी पेटीवर दोन नव्या जेल होत्या. भाऊंनी शुद्ध बियाणं चालवलं होतं, लॉक्स-२ नसलेलं. लेनमध्ये तोच निळा ठोकळा होता, कालच्याइतकाच जाड. लॉक्स-३ आणि लॉक्स-१ फुगून वरची सगळी जागा व्यापून बसले होते. नानांनी तिन्ही लॉक्स असलेलं जेएस ३३५ चालवलं होतं. त्यांच्या लेनमध्ये काहीच नव्हतं.

दोघंही बराच वेळ बोलले नाहीत. अर्थ उघड होता. भाऊंची जेल कुठल्याही दाण्याला "आहे" म्हणाली असती आणि नानांची कुठल्याही दाण्याला "नाही". प्रश्न विचारायच्या आधीच दोघांची उत्तरं ठरलेली होती.

"तरी दोघांचं माप एकच आहे बाई," नाना अखेर म्हणाले. "वेलमध्ये दहा मायक्रोलिटर. रजिस्टरमध्ये लिहिलंय."

इथेच खरी गोम होती. दहा मायक्रोलिटर म्हणजे पाण्याचं माप झालं, प्रथिनाचं नव्हे. दाणा किती बारीक दळला, तेल किती निघालं, बफर किती घातला, यावर त्या दहा मायक्रोलिटरमध्ये काय आलं ते ठरतं. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. बाईंनी स्वतःच पट्टी घेतली, उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: प्रथिन, मायक्रोग्रॅम.

मग त्यांनी ब्रॅडफर्डची चाचणी लावली. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली ही रीत आज जगभर रोजच्या वापरात आहे. कुमासीचाच एक प्रकार प्रथिनाला चिकटला की तपकिरी रंगावरून निळ्यावर येतो. निळेपणा ५९५ नॅनोमीटरवर मोजायचा आणि ठाऊक असलेल्या प्रथिनाच्या आलेखाशी ताडून पाहायचा. भाऊंचा अर्क घातला तर आकडा आलेखाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे रेषा वाकून आडवी होते. तिथे प्रथिन दुप्पट केलं तरी निळेपणा दुप्पट होत नाही. म्हणजे मोजण्यासाठीसुद्धा आधी पातळ करावं लागलं. बाईंनी दहापट पातळ करून पुन्हा मोजलं. हे सगळं एसडीएस मिसळण्याआधी, कारण एसडीएस त्या रंगात ढवळाढवळ करतं.

आकडे हातात आल्यावर त्यांनी एकच लांब जेल मांडली. जेएस ३३५ चे पाच नमुने: ५, १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम. त्यांच्या शेजारी एनआरसी १३२ चे तसेच पाच. जेल रात्रभर हळू चालवली.

सकाळी पेटीचा दिवा लावला तेव्हा सगळे गोळा झाले होते. ५ वर तिन्ही लॉक्सचा पत्ता नाही. १० वर डोळे बारीक केले तर काहीतरी. २० वर तीन रेघा, केसासारख्या बारीक पण तीन. आणि शेजारच्या एनआरसी १३२ मध्ये त्यांतली सगळ्यांत वरची नेमकी गायब. ४० वर वरच्या दोन एकमेकींना टेकल्या. ८० वर दोन्ही वाणांत एकच ठोकळा, कुणाचा कुठला ते सांगता येऊ नये असा.

हिशेब साधा आहे. दाण्यातल्या प्रथिनात तिन्ही लॉक्स मिळून शेकडा एक-दोन भाग. पाच मायक्रोग्रॅम घातले तर त्यात लॉक्स सगळी मिळून मायक्रोग्रॅमचा विसावा-दहावा हिस्सा, त्याचे पुन्हा तीन वाटे. कुमासीची नजर साधारण एका दशांश मायक्रोग्रॅमच्या आसपास संपते. नानांना कोरं दिसत होतं ते यामुळे. तिथे प्रथिन होतं. ते दिसेल इतकं नव्हतं.

दादासाहेबांनी जेलकडे बराच वेळ पाहिलं. "आमचे आजोबा इंदूर पद्धतीने खत लावायचे," ते म्हणाले. "हॉवर्डसाहेबांच्या. ढिगाला पाणी जास्त झालं की आत हवा जायची नाही आणि ढीग सडायचा. कमी झालं की थंड पडायचा. हात घालून बघितल्याशिवाय पाणी शिंपडायचं नाही, हा नियम."

बाई हसल्या. त्यांना त्या पद्धतीचं पुस्तक ठाऊक होतं. १९२४ साली इंदुरात वनस्पती उद्योग संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख. १९३१ साली शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावर त्यांचं पुस्तक आलं, त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. खताचं नाव निघालं की जगाला पहिलं आठवतं, दुसरं क्वचित. वाड रसायनाची मोजणी करणारे, आणि तशांच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

"आता माझा ढीग," दादासाहेब म्हणाले.

त्यांच्या मालाचा अर्क बरोबर २० मायक्रोग्रॅमवर चालवला. सगळ्यांत वरची रेघ नव्हती. नानांचा चेहरा उजळला. "बघा. नाहीच आहे."

इतर कुणी असतं तर गोष्ट इथे संपवली असती. दोघं चुकले, मध्यम माप सापडलं, उत्तर मिळालं. पण बाईंच्या मनात रुग्णालयातले दिवस होते. हृदयविकाराचा झटका ओळखायला ट्रोपोनिन येण्याआधी तिथे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचे पाच प्रकार जेलवर वेगळे करत. निरोगी माणसाच्या रक्तात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त. हृदयाला इजा झाली की पहिला वर चढायचा. रक्तरस नीट पातळ केला नाही तर दोन्ही पट्ट्या सारख्याच गडद व्हायच्या आणि नेमका तो फरकच बुजायचा. पण त्या दिवसांनी त्यांना आणखीही एक शिकवलं होतं. जेलवर काही दिसलं नाही, तर ते किती असतं म्हणजे दिसलं असतं, हे आधी विचारायचं.

त्यांनी स्वतःच भेसळ केली. एनआरसी १३२ च्या पिठाचे नऊ भाग, जेएस ३३५ चा एक. चांगलं मिसळून अर्क काढला, मोजला आणि २०, ४०, ८० वर चालवला. लॉक्स-२ तर त्यात नक्की होतं, त्यांनीच घातलं होतं. २० वर दिसलं नाही. ४० वर नाही. ८० वर लॉक्स-३ ने पसरून त्याची जागाच खाऊन टाकली. दहातला एक दाणा वाईट असला तरी पिठाची जेल ते सांगू शकत नव्हती, मग हात सढळ असो, राखता असो की अगदी बेताचा.

"म्हणजे आम्हाला सांगताच येणार नाही?" भाऊंनी विचारलं.

"पीठ करून नाही सांगता येणार. दाणे वेगळे वेगळे विचारू."

ते काम त्यांनी नव्याने लागलेल्या मुलीला दिलं. तिने दादासाहेबांच्या पिशवीतून शंभर दाणे न निवडता उचलले आणि भिजवून मऊ केले. प्रत्येकाचा, अंकुर ज्या बाजूला असतो तिच्या विरुद्ध बाजूचा, एक कपचा ब्लेडने काढला. उरलेला दाणा नंबर टाकून जपून ठेवला. अर्धाअधिक दाणा गेला तरी अंकुर शाबूत असेल तर तो पेरला की उगवतो. मग जपानी संशोधकांनी नव्वदच्या दशकात बसवलेली रंगाची चाचणी: कपच्याच्या अर्कात लिनोलिक आम्ल आणि मिथिलीन ब्ल्यू घालायचा. एन्झाइम असेल तर निळा रंग काही मिनिटांत उडतो. लॉक्स-१ सुद्धा हा रंग उडवू शकतं, म्हणून द्रावणाची आम्लता लॉक्स-२ ला मानवेल अशी ठेवायची.

पहिल्या दिवशी तिने भराभर वीस कपचे काढले आणि थांबली. काही कपचे जाड होते, काही पापुद्र्यासारखे. पातळ कपच्याच्या नळीत रंग रेंगाळत होता, उडेल की नाही कळत नव्हतं.

"हे पुन्हा तेच होऊन राहिलंय," ती बाईंना म्हणाली.

"मग?"

"वजन करते."

तिने ते वीस टाकून दिले, वीस नवे दाणे घेतले आणि सुरुवातीपासून प्रत्येक कपचा काट्यावर तोलून, त्याच्या वजनाच्या हिशेबाने बफर घातला. दर दहा नळ्यांमागे एक नळी एनआरसी १३२ ची, एक जेएस ३३५ ची. काम तीन दिवसांवर गेलं. भाऊ येता-जाता तिच्या टेबलापाशी थांबत. एकदा त्यांनी तिच्या हातातला पिपेट घेऊन टिप नीट बसली आहे का ते पाहिलं आणि काही न बोलता परत दिला.

शंभर नळ्यांपैकी ९४ निळ्या राहिल्या. सहांचा रंग उडाला.

"मी म्हणालोच होतो!" भाऊ म्हणाले. "आहे म्हणून पहिल्या दिवशीच म्हणालो होतो की नाही?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कपाटातून भाऊंचीच जेल काढली, शुद्ध एनआरसी १३२ ची, तो निळा ठोकळा असलेली, आणि पेटीवर ठेवली. भाऊंनी ती पाहिली. "हो," ते म्हणाले, "यालाही मी आहेच म्हणालो असतो."

नाना मात्र तिथे नव्हते. ते मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं काढून बसले होते. "नाही" असा शेरा मारलेल्या नोंदी ते एकेक करून वेगळ्या कागदावर उतरवत होते, सोबत ज्यांचे नमुने अजून फ्रिजमध्ये शिल्लक होते त्यांचे नंबर. रात्री आठला रखवालदार कुलूप घेऊन आला तेव्हा निम्मं काम बाकी होतं. त्यांनी किल्ली मागून घेतली.

दादासाहेबांना बाईंनी नवा कागद दिला, आधीचे दोन्ही रद्द केले आणि दोन्हींचे पैसे परत केले. वाण अस्सल आहे, पण ढिगात दुसऱ्या वाणाची मिसळ आहे; शंभर दाणे तपासले, सहा बाहेरचे. किती दाणे तपासले तेही त्यांनी मुद्दाम लिहिलं. इतक्या मिसळीत दहाच दाणे घेतले असते तर निम्म्याहून अधिक वेळा बाहेरचा एकही हाती लागला नसता.

"पण मिसळ आली कुठून? बियाणं तर मी सीलबंद आणलं होतं."

"सोयाबीन स्वतःच्याच परागाने फळतं. शेजारच्या शेतातून वाऱ्याने काही यायची भीती नगण्य. मळणी कशी केली?"

दादासाहेब विचारात पडले. थ्रेशर गावातला, भाड्याचा. त्यांच्या आदल्या दिवशी तो शेजाऱ्याच्या खळ्यावर होता आणि शेजाऱ्याचं सोयाबीन साधं. रात्री पाऊस येईल म्हणून थ्रेशर तसाच आणून घाईने लावला होता. त्याच्या चाळणीत, पंख्याखाली, कोपऱ्याकोपऱ्यात जे दाणे अडकून होते ते पहिल्या काही पोत्यांत उतरले असणार. नंतर सगळी पोती एकत्र ओतली.

कारखाना तो माल घेणार नव्हता. तो छावणीच्या मंडीत साध्या भावाने जाणार होता, म्हणजे सौद्याच्या बराच खाली. बाईंनी त्यात लपवाछपवी केली नाही आणि दादासाहेबांनीही गळ घातली नाही. मात्र मुलीने एक लिफाफा आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यात कपचा काढलेले, वाळवलेले ९४ दाणे होते.

"हे पेरा. हे नक्की."

"एवढ्याने काय होणार पोरी?"

"एका झाडाला शंभरच्या आसपास दाणे धरले तर पहिल्या पावसाळ्यात किलोभर होईल. दुसऱ्या पावसाळ्यात झाडामागे कमी धरले तरी तीस-चाळीस किलो. तिसऱ्या वर्षी एकरभर पेराल."

"तीन पावसाळे." दादासाहेबांनी लिफाफा खिशात घातला. मग पायऱ्या उतरता उतरता त्यांनी थ्रेशरवाल्याला फोन लावला. पुढच्या दसऱ्याच्या आसपासची तारीख आताच अडवून ठेव, ते म्हणाले, आणि माझ्याकडे लावायच्या आधी थ्रेशर उघडून झाडायचा, अर्धा तास रिकामा चालवायचा, आणि पहिलं पोतं बियाण्यात नाही, घरच्या दाण्यात.

पलीकडून थ्रेशरवाला म्हणाला, की रिकाम्या थ्रेशरलाही डिझेल लागतंच, त्याचे पैसे कोण देणार.

"मी देतो," दादासाहेब म्हणाले. "आणि शेजाऱ्याकडे लावताना माझे दाणे त्याच्याकडे जाणार नाहीत तेही बघ. त्याचेही मीच देतो."